गाडी छान आहे, खरं...

आमच्या बेळगावात 'खरं' या शब्दाला दोन अर्थ आहेत, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. 'येतो म्हणाला, खरं आला नाही' हे वाक्य पुण्याच्या माणसाला चटकन कळत नाही. खानापूर, निपाणी, संकेश्वर, कुठेही म्हणा, कळते. आपल्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. या एका शब्दापायी ग्वाल्हेरला एका जुन्या वाड्याच्या अंगणात माझे वीस हजार रुपये गेले. गेले की सत्कारणी लागले, ते मला अजून नीट ठरवता आलेले नाही.

मला स्पोर्ट्स कार हवी होती. हसू नका. बँकेत छत्तीस वर्षे लोकांच्या कर्जाच्या फायली तपासणाऱ्या माणसालाही काही हवे असू शकते. लहानपणी, सत्तरच्या दशकात, कॅम्पातून शाळेला जाताना एका लष्करी अधिकाऱ्याची लाल, उघडी, दोन माणसांची गाडी रोज दिसायची. ती एवढी बुटकी की सायकलवरून मला त्या साहेबांची टोपी वरून दिसे. गाडी कोणती होती ते तेव्हा कळले नाही, आणि पुढे विचारायला ते साहेब राहिले नाहीत. इच्छा मात्र राहिली. मुलीचे शिक्षण, घराचे हप्ते, आईचे आजारपण या सगळ्याच्या खाली ती फायलीसारखी दबून होती. २०२२ मध्ये निवृत्त झालो आणि फाईल वर आली.

आमच्या सौ. धारवाडच्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "इदु याक बेकरी?" मला उत्तर देता आले नाही. मग त्यांनी त्यांच्या माहेरची म्हण काढली, "मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु." आपलीही तीच, 'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून'. त्यात त्यांनी स्वतःची भर घातली, "हळे कारु कोंडु नोडु." तरीही शेवटी तीन लाखांची परवानगी मिळाली. गाडी, वाहतूक, दुरुस्ती, कागद, सगळे त्या तीन लाखांत. चौथ्या लाखाचे नाव काढायचे नाही.

तीन लाखांत स्पोर्ट्स कार म्हटल्यावर बरीच नावे आपोआप गळतात. जुन्या एमजी, ट्रायम्फ अशा विलायती गाड्या माझ्या ऐपतीबाहेरच्या. बेंगळुरूच्या सॅन मोटर्सची 'स्टॉर्म' चांगली, दोन सीटांची, फायबरच्या अंगाची आणि रेनॉच्या इंजिनाची. पण ती मुळातच थोड्या निघाल्या आणि विकणारा भेटतच नाही. बेंगळुरूचीच सिपानींची 'डॉल्फिन' ऐंशीच्या दशकात रॅलीत पळायची. एक पाहिली. तिच्या फायबरच्या तड्यांतून पलीकडचा मिस्त्री दिसत होता.

अशा वेळी एका जुन्या पुस्तकात वाचले की ट्रायम्फ कंपनीची 'स्पिटफायर' ही १९६२ ची नावाजलेली स्पोर्ट्स कार 'हेराल्ड'चीच चासी आखूड करून बनवली होती. दोन्हींची रेखाटने इटलीतल्या तुरीनच्या जोव्हानी मिकेलॉटी यांची. आणि हेराल्ड म्हणजे आपली, मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड! १९६१ पासून १९७१ पर्यंत मद्रासजवळ तयार झालेली. वाचकांपैकी ज्यांची साठी उलटली त्यांना आठवेल, अँबॅसडर, फिएट आणि हेराल्ड अशी तीनच नावे रस्त्यावर असत. त्यांतली हेराल्ड ही डॉक्टर-वकिलांची. तिचे पुढचे अख्खे तोंड, बॉनेट आणि मडगार्ड एकत्र, मगरीच्या जबड्यासारखे पुढे उघडते. स्पिटफायरचेही तसेच. म्हणजे हेराल्ड ही स्पोर्ट्स कारची थोरली बहीण. ९४८ सीसीचे इंजिन, वेग बेताचा, हे कबूल. सौ. म्हणाल्या, "चार माणसे बसतात ती स्पोर्ट्स कार कशी?" मी म्हटले, मागे बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागतात, म्हणजे दोघांचीच समज.

माझ्या मावसबहिणीचे सासर ग्वाल्हेरचे. तिच्याकडून निरोप आला की लष्कर भागात एका मराठी घरात १९६७ ची दोन दरवाजांची हेराल्ड उभी आहे. घर बिल्डरला द्यायचे ठरले आहे, मुलगा गुडगावला, तो म्हणतो गाडी काढून टाका. सांगितलेली किंमत सव्वादोन लाख.

जानेवारी २०२३ मध्ये गोवा एक्स्प्रेसने निघालो. बेळगावात बसावे ते थेट ग्वाल्हेरला उतरावे, इतकी ही गाडी सोयीची. प्रवासात मनाशी हिशेब केला. जुनी गाडी घेणाऱ्यांचा एक साधा नियम आहे. हातात असलेल्या पैशांपैकी साठ टक्क्यांच्या वर गाडीला द्यायचे नाहीत, कारण उरलेले चाळीस ती स्वतःच मागून घेते. तीन लाखांचे साठ टक्के एक लाख ऐंशी हजार. म्हणजे एक लाख साठ हजारांपासून बोलायला सुरुवात करायची आणि तिथेच घट्ट बसायचे. बँकेत हेच केले होते, समोरच्याच्या कागदातले दोष शोधायचे आणि रक्कम खाली आणायची.

आणखी एक विचार मनात आला आणि हसू आले. आमच्या भागातून पूर्वी माणसे ग्वाल्हेरला जात ती गाणे आणायला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर वासुदेवबुवा जोशांकडे शिकले ते ग्वाल्हेरात, आणि ती गायकी घेऊन इकडे आले. आपल्या मिरज-इचलकरंजी-कुरुंदवाडच्या पट्ट्यात ख्याल रुजला तो असा. आणि मी चाललो होतो गंजलेली हेराल्ड आणायला. असो. ज्याची त्याची तळमळ.

पहाटेच्या अंधारात स्टेशनवर उतरलो तेव्हा थंडी अशी की बेळगावच्या थंडीचा अभिमान तिथेच गळून पडला. धुके इतके की किल्ला कुठल्या बाजूला आहे ते दुपारी कळले. गावात मेळ्याची धामधूम होती. माधवराव शिंद्यांनी १९०५ मध्ये सुरू केलेला हा मेळा आता मोटारींसाठी प्रसिद्ध आहे. सरकारने जाहीर केले की मेळ्यात घेतलेल्या नव्या गाडीला रोड टॅक्समध्ये निम्मी सूट मिळते, म्हणून दुरून दुरून लोक येतात. रिक्षावाल्याने विचारले, "गाडी लेने आये हैं?" मी हो म्हटले. "कौन-सी?" मी सांगितले. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले आणि पुढे काही विचारले नाही.

जनकगंजच्या पुढे एका बोळात तो वाडा. दारात काकू उभ्या होत्या. वय शहात्तर, बारीक अंगकाठी, अंगात स्वेटर, त्यावर शाल आणि पायात मोजे.

"तुम्ही बेळगावहून आलात? इतक्या दूर? बसा ना, बसा. आधी चहा होऊन जाऊ दे."

त्यांचे मराठी ऐकून मला फार बरे वाटले. दोनशे-अडीचशे वर्षे हिंदीच्या शेजारी राहिलेले ते मराठी. 'मला चांगलं लागतं', 'काम होऊन गेलं', अशी त्याची चाल. आमचे मराठी कन्नडाच्या शेजारचे. दोघांच्याही बोलण्याला पुण्यात कुणी हसले असते, पण तिथे हसायला पुण्याचे कुणी नव्हते. चहाबरोबर मुरैन्याची गजक आली. काकांचा फोटो भिंतीवर होता. ते जाऊन सहा वर्षे झाली होती.

"ह्यांना गाडीचा फार शौक," काकू म्हणाल्या. मीही मान डोलावली, आणि त्या क्षणापासून ती गाडी काकांची आहे असे धरून चाललो. ती माझी पहिली चूक.

गाडी अंगणात पत्र्याच्या छपराखाली होती. फिकट निळा रंग, क्रोमवर ठिपके, पण उभी राहण्याची ऐट तशीच. मी पिशवीतून वही, टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक काढले. चुंबकाचे काम असे, की पत्र्याला ते चिकटते, पुट्टीला चिकटत नाही. रंग कितीही चकचकीत असो, आत पत्रा किती उरला आहे ते चुंबक सांगते. दाराखालच्या पट्टीवर डाव्या बाजूला ते हातभर घसरत गेले. वहीत लिहिले, 'डावी पट्टी, पुट्टी.'

हेराल्डचे एक आहे. आजच्या गाडीला वेगळी चासी नसते, अंग हाच सांगाडा. हेराल्डला बैलगाडीसारखी खाली चासी आहे आणि वर पत्र्याचे भाग नट-बोल्टांनी जोडलेले. त्यामुळे भाग सुटे करून दुरुस्त करता येतात, ही गरिबाच्या सोयीची गोष्ट. पण चासीच्या मुख्य दांड्यांतून बाजूला निघालेले जे हात अंगाला आधार देतात, त्यांत पाणी साचते आणि ते आतून सडतात. वरून काही दिसत नाही. मी सतरंजी टाकून खाली शिरलो, स्क्रूड्रायव्हर टोचला, आणि तो तिसऱ्या हातात खारीत बिस्कीट जावे तसा गेला. चालकाच्या पायाखालची चटई उचलली तर अंगणातली फरशी दिसली. वही भरू लागली आणि खरे सांगायचे तर मी खूष होत होतो. प्रत्येक भोक म्हणजे दोन-तीन हजार कमी.

मग पुढची चाके. या गाडीची सगळ्यांत नाजूक जागा तिथे आहे. पुढचे चाक ज्या उभ्या दांड्यावर वळते, त्याचे खालचे टोक पितळी जातीच्या धातूच्या एका आटे पाडलेल्या तुकड्यात फिरते. त्याला ट्रनियन म्हणतात. त्याला ग्रीस नाही, गिअरचे जाड तेल द्यायचे असते, ९० नंबरचे. आपल्याकडे मिस्त्री लोक सवयीने ग्रीस मारतात. ग्रीस आट्यांत पोचत नाही, आटे झिजतात, गंजतात, आणि एके दिवशी वळणावर तो दांडा तुटून चाक आडवे पडते. मी चाकाला हात घालून हलवून पाहिले. अजिबात खडखड नाही. खाली बोट फिरवले तर ग्रीसचा थर नाही, तेलाचा ओशटपणा. छप्पन्न वर्षांच्या गाडीत हे पाहून मी चकित झालो.

"कुणी तरी नेमाने तेल दिलंय याला," मी खालूनच म्हणालो.

"दर सहा महिन्यांनी," वरून काकूंचा आवाज आला. "दिवाळीला आणि रामनवमीला."

शेवटची परीक्षा इंजिनाची. ट्रायम्फच्या या जातीच्या इंजिनांत क्रँकच्या मागच्या टोकाला अर्धचंद्रासारख्या दोन पातळ चकत्या असतात, थ्रस्ट वॉशर म्हणतात त्यांना. त्या झिजून खाली पडल्या की क्रँक पुढे-मागे सरकू लागतो आणि सगळा ब्लॉक निकामी करतो. तपासण्याची युक्ती सोपी आहे. एकाने क्लच दाबायचा आणि दुसऱ्याने पुढची पुली बघायची. पुली डोळ्यांना सरकताना दिसली, की वही मिटून घरी जायचे. पण क्लच दाबायला माणूस हवा. मी इकडे तिकडे पाहू लागलो.

"मी दाबते की," काकू म्हणाल्या.

"तुम्हाला जमेल?"

त्यांनी उत्तर दिले नाही. शाल खुर्चीवर ठेवली, दार उघडले, पदर खोचला आणि बसल्या. बसताना सीटखालचा खटका न बघता सरकवला. मग आरसा नीट केला. क्लच तपासायला आरसा कशाला लागतो? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"काकू, गाडी तुम्ही चालवत होता?"

"मग कोण? ह्यांना शौक होता तो पुसण्याचा. चालवायची भीती वाटे. १९७४ मध्ये मी शिकले याच गाडीवर. शाळेत शिकवायला जात होते मुरारला, रोज. लोक बघायला उभे राहत. सासूबाईंनी महिनाभर अबोला धरला, मग त्याच मागे बसून मंदिरात जायला लागल्या." क्लच दाबून त्या म्हणाल्या, "बघा, सरकते का?"

पुली जागची हलली नाही.

शेजाऱ्यांच्या जीपची बॅटरी आणून गाडी सुरू केली. चार वेळा खोकली, निळा धूर काढला आणि चालू झाली. टायरांना भेगा, ब्रेक मऊ, तेव्हा बोळाच्या तोंडापर्यंतच न्यायचे ठरले. चालवायला काकूच बसल्या. बोळ संपतो तिथे चौकासारखी थोडी जागा आहे. त्यात आजची कुठलीही गाडी तीन वेळा मागे-पुढे केल्याशिवाय वळणार नाही. काकूंनी चाक पूर्ण फिरवले आणि एका दमात गाडी वळवून तोंड घराकडे केले. हेराल्ड पंचवीस फुटांच्या गोलात वळते, असे मी वाचले होते. तिथे ते डोळ्यांनी पाहिले.

"एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "मोडावर ब्रेक मारायचा नाही कधी."

मला वाटले, काही तरी मोडले तर ब्रेक मारू नका म्हणतायत. मोड म्हणजे वळण, हे मागाहून कळले. आणि सल्ला अगदी शास्त्रशुद्ध. हेराल्डची मागची दोन्ही चाके एकाच आडव्या पाट्यावर स्वतंत्र झुलतात. भर वेगात वळणावर अचानक पाय काढला किंवा ब्रेक मारला, की गाडीचे मागचे अंग उचलले जाते आणि बाहेरचे चाक पोटाखाली मुडपते. स्पिटफायरचा हाच दोष जगभर प्रसिद्ध होता. इथल्या मालकांना आणि मिस्त्र्यांना तो इतका नकोसा झाला की स्टँडर्डने पुढे 'गझेल' काढली तेव्हा मागे साधा सरळ ॲक्सल घातला. काकूंनी यातले काही वाचलेले नव्हते. झाशीच्या वाटेवर एकदा गाडी फिरली होती, म्हणून ठाऊक.

परत अंगणात येऊन बसलो. आता बोलणी. मी वही उघडली, घसा साफ केला आणि बँकेतल्या सवयीने आधी गोड बोलावे म्हणून सुरुवात केली.

"गाडी छान आहे, खरं..."

आणि पुढचे वाक्य कसे मांडावे म्हणून क्षणभर थांबलो. ट्रनियनचे तेल डोळ्यांसमोर होते आणि सडलेली चासीही. तेवढ्यात काकूंचा चेहरा उजळला.

"खरं म्हणताय ना? छान आहे ना? माझा मुलगा म्हणतो कबाड आहे. मी म्हटलं, जाणकार माणूस येऊन बघू दे, मग बोल." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "खरं आहे म्हणालात, बस, मला भरून पावलं."

आता सांगा, तिथून मागे कसे यावे? आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण', हे मी त्यांना समजावले. त्या ऐकत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की खोकला आला. "म्हणजे तुम्ही खरं म्हणता तेव्हा खोटं असतं होय?" मी म्हटले, "खोटं नसतं. अर्धं असतं. अर्धं पुढं यायचं असतं."

"मग येऊ द्या पुढचं. वाचा ती वही."

मी वाचली. एरवी दोष वाचताना माझा आवाज चढतो. त्या दिवशी उतरत गेला. पट्टी, चासीचे तीन हात, तळाचा पत्रा, वायरिंग, टायर. काकूंनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "दोन राहिली तुमची. दुसरा गिअर उतरताना कर्र करतो, त्याला जरा थांबून घालावं लागतं. आणि बॉनेटची पुढची नळी वाकडी आहे. १९८६ मध्ये महाराजबाड्यापाशी टांग्याला लागली होती. घोड्याला काही झालं नाही." ही दोन मला सापडली नव्हती. गिअर तर मी तपासलाच नव्हता, कारण गाडी चालवली त्यांनी.

मग म्हणाल्या, "आता तुम्हीच सांगा काय द्याल ते."

जिभेवर एक लाख साठ हजार होते. बोललो एक लाख ऐंशी हजार. त्यावर त्यांनी एकदाही घासाघीस केली नाही, एवढीच अट घातली, की गाडी तोडून भाग विकायचे नाहीत आणि भंगारात घालायची वेळ आलीच तर आधी त्यांना फोन करायचा. मी परतीच्या गाडीत स्वतःवर चिडलो होतो. कधी वाटे वीस हजार जास्त दिले, कधी वाटे कमी दिले. सौं.ना मात्र फोनवर सांगितले की घासून घासून खाली आणले.

दुसऱ्या दिवशी वेळ होता म्हणून जयविलास पॅलेस पाहिला. जेवणाच्या टेबलावरून फिरणारी माधवरावांची चांदीची आगगाडी तिथे आहे, पाहण्यासारखी. हे महाराज यंत्रांचे वेडे. त्यांच्या मोटारीची एक हकीकत आपल्या भागाशी जोडलेली आहे. १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची कसोटी घेतली गेली होती. घाट चढून-उतरून कोणती गाडी टिकते ते पाहायला. त्यात 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाच्या रोल्स-रॉइसने नाव काढले, आणि मग ती ग्वाल्हेरच्या माधवराव महाराजांनी विकत घेतली. म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या घाटांत दामटलेली गाडी महाराजांनी घेतली. आमच्या सौं.ना हे मी पुढे किती वेळा ऐकवले असेल! त्यांचे उत्तर ठरलेले, "महाराजांना पेन्शन नव्हती."

यानंतर कागद. गाडी अजून काकांच्या नावावर होती आणि नोंदणीची मुदत केव्हाच संपली होती. गेलेल्या माणसाची गाडी थेट विकता येत नाही. आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायची, मग २९ आणि ३० ने विक्री, परराज्यात न्यायची तर फॉर्म २८ चे ना-हरकत. या भानगडीत तीन महिने गेले आणि माझी आणखी एक फेरी झाली. कुणी अशी गाडी घेणार असेल तर माझे ऐकावे, इंजिनाच्या आधी आरसी बुकावरचे नाव वाचावे.

फॉर्म ३१ चे काम झाले त्या दिवशी काकूंचा फोन आला. आरसीचे कार्ड हातात आले होते. "माझं नाव आहे यावर," त्या म्हणाल्या. त्रेचाळीस वर्षे त्यांनी ती गाडी चालवली होती. नावावर आली ती विकण्यापुरती, सव्वीस दिवस. त्या कार्डाची त्यांनी झेरॉक्स काढून ठेवली.

हे मी घरी सांगितले तेव्हा सौ. भाकरी थापत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारले, "नम्मदु यार हेसरिले?" मी म्हटले, "माझ्या. आणखी कुणाच्या?" आणि बोलून गेल्यावर माझे मलाच कसे तरी झाले. इकडची विक्रीची कागदपत्रे अजून भरायची होती. दुसऱ्या दिवशी एजंटाला फोन करून नाव बदलायला सांगितले. तो म्हणाला, "साहेब, मॅडमना गाडी येते?" मी म्हटले, "नाव लिहायला गाडी यावी लागते का?"

गाडी ट्रकवरून आली, दीड हजार किलोमीटर. उद्यमबागेचे आपण बेळगावकर फारसे कौतुक करत नाही, पण बाहेरच्या माणसाला ज्या भागासाठी परदेशी पत्र लिहावे लागते तो इथे लेथवर दोन दिवसांत होतो. माझ्या मिस्त्रींनी चासीचे तिन्ही हात जाड पत्र्यातून नवे करून घेतले. ते हुक्केरीचे, मोजमाप कन्नडात, शिव्या मराठीत. दुसऱ्या गिअरला त्यांनी हात लावला नाही. "थांबून घाला, खरं कर्र करतंय म्हणून खोलू नका," म्हणाले.

हिशेब लपवत नाही. गाडी १,८०,०००. ट्रक ३२,०००. चासी आणि तळ ४८,०००. पाच टायर २०,०००. ब्रेक १४,०००. कागद आणि फेऱ्या १८,०००. एकूण तीन लाख बारा हजार, आणि सीटांचे काम अजून बाकी. वरचे बारा हजार मी दिवाळीपर्यंत कॅरम क्लबचे चहापाणी बंद करून भरले, असे घरी समजतात.

नोंदणीचा एक पर्याय वाचकांना माहीत असावा. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढे नूतनीकरणाला ५,०००. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. मला तो मान मोहात पाडत होता. मालकीणबाईंनी नकार दिला. ज्या गाडीने शहापूरच्या मंडईला जाता येत नाही ती घेऊन काय करायचे, हा त्यांचा सवाल. शेवटी साधी नोंदणीच ठेवली.

ट्रनियनला तेल दिवाळीला आणि रामनवमीला. ते मी चुकवत नाही. काकू आता मुलाकडे गुडगावला असतात. तेल दिले की फोन करतो, त्या पहिल्यांदा गिअरचे विचारतात. गेल्या रामनवमीला तेल देऊन झाल्यावर म्हटले, पुलीही बघून घ्यावी. क्लच दाबायला कुणी नव्हते. सौं.ना हाक मारली. त्या हात पुसत आल्या, बसल्या, चप्पल बाहेर काढून ठेवली आणि डावा पाय जोरात दाबला. मी जबड्यात डोके घालून टॉर्च धरली.

"साकेनरी?" आतून आवाज आला.

"बिडब्याड, बिडब्याड," मी म्हटले.

पुली जागची हलली नाही. वर पाहिले तर त्या आरसा नीट करत होत्या.